बुडबुड्याचें निदान

बुडबुडा हा आमच्या वाङ्मयांतील फार जुना आणि फार गांजलेला साक्षीदार आहे. संसार असार आहे हें सांगावयाचें झालें कीं संतांपासून कीर्तनकारांपर्यंत सर्वांनीं त्याला पुढें बोलावावें, आणि त्यानें साक्ष देऊन निमूटपणें फुटून जावें, असा परिपाठच पडला आहे. त्याच्या फुटण्याकडे जेवढें लक्ष गेलें तेवढें त्याच्या उत्पन्न होण्याकडे मात्र गेलें नाहीं. बुडबुडा कां फुटतो हा प्रश्न तत्त्वज्ञाचा. बुडबुडा कां येत नाहीं हा प्रश्न, ज्याचें पोट त्या बुडबुड्यावर चालतें त्याचा. हा दुसरा प्रश्न आम्हांस किहीमच्या किनाऱ्यावर भेटला, आणि तेव्हांपासून तो पहिल्या प्रश्नाहून हलका आहे असें आम्हांस वाटेनासें झालें आहे.

किहीम हें अलिबागच्या उत्तरेचें गांव. गेट वे ऑफ इंडियाहून लाँचनें मांडव्यास उतरावें, चोंढीच्या नाक्यावरून समुद्राकडे वळावें, आणि माडांच्या वाड्या संपून सुरूचीं झाडें लागलीं कीं किहीम आलें असें समजावें. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्यास कुलाबा म्हणत; आतां रायगड म्हणतात. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटांत घेऊन येणारी मोठी बोटही मांडव्यास येऊं लागली, आणि शनिवार-रविवारची गर्दी पूर्वीच्या कितीतरी पट झाली. या गर्दीस तहान लागते. शहाळें आहे, कोकमाचें सरबत आहे. परंतु मुंबईचा पाहुणा, विशेषतः त्याचीं मुलें, ज्या दुकानाभोंवतीं घोळका करतात तें दुकान म्हणजे आठ तोट्यांच्या सोड्याच्या यंत्राचें. लिंबू, जिरें, संत्रें, काळें द्राक्ष, आणि शेवटीं साधा सोडा, अशा त्या तोट्या. ग्लास खालीं धरावा, दांडी ओढावी, आणि क्षणांत फसफसणारें पेय हातीं यावें. ही जादू बंद पडली म्हणजे काय होतें तें पाहण्याचा योग आम्हांस एका मे महिन्यांत आला.

त्या योगाकडे वळण्यापूर्वीं या पाण्याचें कुळ थोडें सांगितलें पाहिजे. १७६७ सालीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं जोसेफ प्रीस्टले या पंडितानें, शेजारच्या बिअरच्या कारखान्यांत आंबत ठेवलेल्या पिंपांवर तरंगणारा जड वायु पाण्यांत मुरवून पाहिला. १७७२ सालीं त्यानें ती कृति पुस्तिकेच्या रूपानें प्रसिद्ध केली. हें पाणी खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर औषध होईल अशी त्याची आशा होती. पाणी उत्तम झालें. औषध मात्र तें नव्हतें, कारण स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, आणि बुडबुड्यांत तें नसतें. पुढें १७८३ सालीं जिनीव्हा येथें याकोब श्वेप यानें या पाण्याचा व्यापार मांडला. आमच्याकडे मुंबईच्या पारशी मंडळींनीं तो आपलासा केला. पालनजी यांचा कारखाना १८६५ चा, ड्यूक्सचा १८८९ चा. गांवोगांवच्या लहान सोडावाल्यांनीं मात्र आधार घेतला तो हायरम कॉड या इंग्रजाच्या १८७२ सालच्या बाटलीचा, म्हणजे आपल्या गोटीच्या बाटलीचा. ती बाटली उलटी धरून दाबाखालीं भरीत. गोटी गळ्याशीं येऊन बसे, आणि आंतला वायुच तिला रबराच्या कड्यावर दाबून धरी. जो कैदी तोच पहारेकरी, अशी ती योजना. बाटलींत बिघडण्यासारखें एकच अंग होतें, तें म्हणजे तें रबराचें कडें. सोडा फुसका निघाला कीं दुकानदार कडें बदली, आणि प्रश्न मिटे.

आठ तोट्यांच्या यंत्राचें तसें नाहीं. त्याला अनेक अंगें आहेत आणि प्रत्येक अंगास आपापलें दुखणें आहे. एका बाजूस पिण्याच्या पाण्याचा जार. तेथून पाणी ओढणारा पंप. पंपापुढें पोलादाची बंद टांकी, जींत पाणी आणि वायु यांचें लग्न लागतें. त्या टांकींत पाण्याची पातळी ओळखून पंपास चालूं-बंद करणारी एक सळई. दुसऱ्या बाजूस कार्बन डायॉक्साइडचें नळकांडें व त्याच्या मानेवर दाब बेताचा करणारा रेग्युलेटर. यंत्राच्या पोटांत थंड पाण्याचें कुंड व त्यांत वेटोळें घालून बसलेली नळी. पाठीमागें, त्या कुंडांतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी व पंखा. आणि या सर्वांच्या अग्रीं सरबतांच्या बाटल्या व तोट्या. गिऱ्हाइकाला दिसते ती फक्त तोटी. म्हणून तक्रारही तो तोटीचीच करतो.

आम्ही ज्या दुकानाविषयीं सांगत आहों तें एका नवराबायकोचें. यंत्र पतपेढीचें कर्ज काढून घेतलेलें. जून लागला कीं किनारा ओस पडतो. म्हणून मे महिन्यांतील प्रत्येक शनिवार-रविवार म्हणजे त्यांच्या पावसाळ्यांतील आठवड्याआठवड्याचा किराणा. अशा एका शनिवारीं सकाळींच दुकानदार आम्हांस म्हणाले, “काका, सोड्याला दमच नाही राहिला. तीन गिऱ्हाइकांनी ग्लास परत दिला.” त्यांनीं आपल्या परीनें उपाय केले होते. रेग्युलेटर पिळून दाब वाढविला. तेव्हां ग्लासांत अर्धा फेंस येऊं लागला, आणि फेंस बसल्यावर खालीं उरलें तें गोड पाणीच. नळकांडें बदललें, फरक नाहीं. मग यंत्र दुरुस्त करणाऱ्यास दूरध्वनि केला. त्यानें दोन वाक्यें ऐकून निर्णय दिला कीं पंप गेला, नवा टाकावा लागेल, सातआठ हजारांची तयारी ठेवा, सोमवारीं येतों. सोमवारीं म्हणजे शनिवार व रविवार दोन्ही बुडाल्यावर.

आमच्या वैद्यकांत माधवकराचा निदानावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वींचीं चिन्हें, रूप म्हणजे प्रकट लक्षणें, उपशय म्हणजे अमुक उपायानें बरें वाटतें कीं नाहीं यावरून केलेली परीक्षा, आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा चालत आला त्याचा क्रम. हीं पांच साधनें मनुष्यदेहासाठीं सांगितलीं खरीं, परंतु ज्याला अनेक अंगें आहेत आणि ज्याचें आंतलें दिसत नाहीं अशा कोणत्याही वस्तूस तीं लागूं पडतात असा आमचा अनुभव आहे. आम्ही यंत्रज्ञ नव्हे. कुतूहल आणि रिकामा वेळ यांपलीकडे आमच्याजवळ त्या दिवशीं भांडवल नव्हतें. तरी दुकानदारांच्या संमतीनें आम्ही तिघे रोग्याभोंवतीं बसलों.

प्रथम रूप पाहिलें. पहिला प्रश्न असा कीं दुखणें एका तोटीचें कीं सर्व तोट्यांचें? एकाच तोटीचें असेल तर दोष त्या तोटींत, तिच्या नळींत वा तिच्या सरबतांत शोधावा. सर्वांचें असेल तर जें सर्वांस समान आहे तिकडे जावें. येथें आठही तोट्या सारख्याच निस्तेज होत्या. साधा सोडाही तसाच. म्हणजे सरबतें निर्दोष ठरलीं. दुसरा प्रश्न पंपाचा. पंप गेला असता तर टांकी रिकामी होऊन तोटींतून पाण्याऐवजीं वायुच थुंकल्यासारखा बाहेर आला असता. अथवा पाणी पुरेसें मिळत नसतें तर पंप थांबण्याचें नांवच न घेतां घुरघुरत राहिला असता. आम्हीं कान लावून ऐकलें. तीनचार ग्लास ओतले कीं पंप जागा होई, कांहीं सेकंद चाले आणि गप्प बसे. हें निरोगी पंपाचें वागणें. वायूचा काटा जागेवर होता, आणि नळकांडें बदलूनही कांहीं झालें नव्हतें.

राहिली थंडी. आणि येथें पूर्वरूप सांपडलें तें दुकानदारांच्या पत्नीकडून. त्या इतका वेळ ग्लास विसळीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “तोट्यांखालचा ओटा मी दिवसभर पुसते. मंगळवारपासून फडकं निम्मंच भिजतंय.” कोंकणांतील मे महिन्याची हवा पाण्यानें भरलेली असते, थंड तोटीवर ती घामासारखी जमते आणि ओट्यावर टपटपते. घाम कमी झाला याचा अर्थ तोटी कमी थंड झाली. गिऱ्हाइकाच्या जिभेला जें शनिवारीं कळलें तें या बाईंच्या हाताला मंगळवारींच कळलें होतें. फक्त कोणीं विचारलें नव्हतें. घरीं दह्याच्या विरजणासाठीं आम्ही तापमापक ठेवतों तो आणून सोड्यांत बुडविला. पारा १४ अंशांवर थांबला. जेथें तीनचार अंश असावयाचे तेथें चौदा.

आतां संप्राप्ति. वायु पाण्यांत किती मुरावा याचे दोन धनी आहेत, दाब आणि थंडी. दाबाचा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यानें १८०३ सालीं सांगितला: दाब दुप्पट केला तर मुरणारा वायुही दुप्पट. थंडीचा हिशेबही तितकाच निश्चित आहे. साध्या हवेच्या दाबाखालीं एक लिटर पाणी शून्य अंशावर सुमारें १.७ लिटर कार्बन डायॉक्साइड पोटांत घेतें. ४ अंशांवर सुमारें दीड लिटर. १४ अंशांवर सुमारें एक लिटर. आणि ३० अंशांवर फक्त दोनतृतीयांश लिटर. म्हणजे चारावरून चौदावर येतांच दर तीन बुडबुड्यांतील एक नाहींसा झाला. आमच्या दुकानदारांनीं तूट भरून काढण्यासाठीं दाब वाढविला, हें वरवर योग्य दिसतें. परंतु कोमट पाण्यांत जबरदस्तीनें कोंबलेला वायु तोटीबाहेर येतांच पळ काढतो. तो ग्लासांत राहत नाहीं, फेंस होऊन निघून जातो. म्हणून फेंस जास्त आणि सोडा फुसका हीं दोन विरुद्ध दिसणारीं लक्षणें एकाच रोगाचीं होतीं.

उपशयाची परीक्षा सोपी होती. मासळीच्या पेट्यांसाठीं बर्फ येतो तो या किनाऱ्यावर केव्हांही मिळतो. दोन मोठे तुकडे फोडून यंत्राच्या कुंडांत टाकले, वाढविलेला दाब पुन्हां खालीं आणला, आणि पाव तास थांबलों. मग दुकानदारांनीं साध्या सोड्याची दांडी ओढली. ग्लासांतून तो सुपरिचित चुरचुर आवाज आला, नाकाला झिणझिण्या आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पंप निर्दोष सुटला. त्याच्याबरोबर सातआठ हजारही सुटले.

परंतु बर्फ हा उपाय नव्हे, ती परीक्षा. कुंड गार कां होत नव्हतें हें मूळ निदान अजून बाकी होतें. यंत्राची पाठ पाहूं म्हटलें तर पाठ दिसेना. तें पत्र्याच्या भिंतीस अगदीं चिकटलेलें. गिऱ्हाइकांसाठीं एक बांक वाढवावयाचें म्हणून सोमवारीं तें मागें सरकविलें होतें. ओढून पुढें घेतलें तों जाळीवर बारीक वाळू, सुरूच्या सुया, कापसाचे तंतु आणि खाऱ्या दमट हवेनें त्यांचा झालेला गिलावा. थंड करणारें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतें. बाहेर टाकण्याची वाटच बुजली तर तें बिचारें आपल्याच उष्णतेंत कोंडून दिवसभर राबतें, वीज खातें, आणि काम कांहीं होत नाहीं. वीज काढून रंगाच्या ब्रशानें जाळी हलक्या हातानें झाडली, यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवलें, बांक उचलून सुरूखालीं नेलें. संध्याकाळीं पारा ५ अंशांवर आला. त्या रविवारीं दुकान चाललें.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर तो एका यंत्राचा वृत्तांत झाला असता. पण दुकानदारांच्या बाईंचें बोलणें अजून संपलें नव्हतें. जमाखर्चाची वही पुढें करून त्या म्हणाल्या, “गॅसची टाकी आधी अकरा-बारा दिवस पुरायची. मागच्या दोन सात दिवसांतच गेल्या. ग्लास काही जास्त गेले नाहीत.” दुकानदार म्हणाले, काटा तर शेवटपर्यंत भरलेला दाखवतो. हा काटा पुष्कळांस फसवितो. नळकांड्यांत कार्बन डायॉक्साइड दाबाखालीं द्रव होऊन राहतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत वरच्या वायूचा दाब तेवढाच राहतो. काटा खालीं येऊं लागला म्हणजे द्रव संपलाच. शिवाय ३१ अंशांच्या वर या पदार्थांत द्रव आणि वायु हा भेदच उरत नाहीं. आमच्याकडे मे महिन्यांतील दुपारीं पारा त्याहून वर जातो, तेव्हां काटा केवळ उन्हानेंच चढतो. म्हणून नळकांड्यांत किती उरलें हें काट्यानें नव्हे, वजनानें पाहावें. रिकाम्या नळकांड्याचें वजन त्याच्या मानेवर ठोकलेलें असतें. ओळखीच्या दुकानांतील मोठ्या काट्यावर आमचें नळकांडें चढविलें, आंकडा लिहून ठेवला, यंत्र बंद ठेवून रात्रभर तोटीस हात लावला नाहीं, आणि सकाळीं पुन्हां तोललें. जवळजवळ एक किलो वायु न विकतां गेला होता.

गळती शोधण्यास साबणाचें पाणी पुरतें. रेग्युलेटर जेथें नळकांड्यास जोडतात तेथें एक लहान वॉशर असतो. नळकांडें बदलतांना तो दर वेळीं पाहावा, चेपला असल्यास नवा घालावा. आमचा वॉशर चेपून कागदासारखा झाला होता. साबणाचा फेंस लावतांच त्या सांध्यावर मण्यांची माळ फुगूं लागली. जो बुडबुडा शनिवारीं ग्लासांत येत नव्हता तो येथें रात्रंदिवस येत होता.

आणि तेव्हां आम्हांस त्या घरच्या भाच्याची आठवण झाली. तेरा-चौदा वर्षांचा हा मुलगा सुट्टींत मामाकडे आलेला. दुपारीं गर्दी ओसरली कीं दुकानामागच्या पत्र्याच्या खोलींत, ऊन व वाळू नको म्हणून दार लावून, जमिनीवर चटई टाकून तो झोपे. त्याच खोलींत नळकांडें उभें असे आणि नळी भिंतींतून दुकानांत येई. आठवडाभर तो उठल्यावर डोकें जड झाल्याचें सांगत होता. मामानें त्याला आळशी म्हटलें होतें. मामीनें ऊन लागलें असें म्हणून कपाळास कांद्याचा रस चोळला होता. कार्बन डायॉक्साइड हवेच्या दीडपट जड. तो बंद खोलींत तळाशीं सांचतो, म्हणजे नेमका चटईवर झोपलेल्याच्या नाकाशीं. एक किलो वायु मोकळा झाला तर अर्ध्या घनमीटरहून अधिक जागा व्यापतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनतीनवर गेलें कीं डोकें दुखूं लागतें, श्वास जोरानें चालतो. शेंकडा दहाच्या आसपास मनुष्य बेशुद्ध पडतो, आणि झोपलेल्याला तें कळण्याचें साधन नाहीं. या वायूला वास नाहीं, रंग नाहीं.

आम्हीं हें सांगितलें तेव्हां दुकानदार कांहीं बोलले नाहींत. ते उठले, खोलीचें दार काढून बाहेर ठेवलें, नळकांडें उघड्यावर सावलींत आणून दोरखंडानें खांबास बांधलें, आणि मुलाची चटई स्वतः उचलून सुरूखालीं नेली. मुलाच्या डोकेदुखीचें कारण तेंच होतें असें छातीठोकपणें सांगण्यास आमच्यापाशीं कोणतेंही यंत्र नव्हतें. परंतु त्या दिवसापासून तो बाहेर झोपूं लागला आणि डोकें दुखल्याचें त्यानें पुन्हां सांगितलें नाहीं. हाही एक उपशयच.

या यंत्राचीं इतर दुखणीं थोडक्यांत सांगतों, कारण अशीं दुकानें आतां किनाऱ्याकिनाऱ्यावर झालीं आहेत. पेय कधीं फार गोड, कधीं फार पाणचट लागलें तर वायूस दोष देऊं नये. सोडा आणि सरबत यांचें प्रमाण बिघडलेलें असतें. शहरांतील मोठ्या यंत्रांत बहुधा पांच भाग सोड्यास एक भाग सरबत असा मेळ ठेवतात. मापाच्या भांड्यांत दोन्ही वेगवेगळे ओतून तो तपासतां येतो. एकाच तोटींतून फेंस येत असेल तर तिचें तोंड काढून गरम पाण्यांत धुवावें. साखरेचा वाळलेला कण, ग्लासावरील ओरखडा, वाऱ्यानें आलेली वाळू, यांपैकीं कशाच्याही आधारानें बुडबुडे जन्म घेतात आणि सोडा ग्लासांतच मरतो. पंप न थांबतां चालत राहिला तर आधीं जार रिकामा आहे कां आणि नळी दुमडली आहे कां तें पाहावें. मग पातळीच्या सळईवर बसलेला क्षार पाहावा. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचें पाणी मचूळ. तें यंत्रांत घातलें तर चवही जाते आणि सळईही. तोट्या व नळ्या नियमानें निर्जंतुक केल्या नाहींत तर थंडपणा व गोडपणा यांच्या आड दुर्गंधी लपून राहते. आणि एक गोष्ट कधींही करूं नये: वायु मुरलेलें पाणी आम्ल असतें, तें तांब्यास खातें, म्हणून सोड्याच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा जोड घालूं नये, आणि तें पाणी उलट फिरून तांब्याच्या नळांत जाऊं नये यासाठीं बसविलेली झडप काढूं नये. तांबें उतरलेला सोडा पिणाऱ्यास उलट्या होतात.

दूरध्वनीवरून पंप बदला म्हणणाऱ्या कारागिराविषयीं आमच्या मनांत राग नाहीं. तो सोमवारीं आला, नवा वॉशर बसविला, येण्याजाण्याचे पैसे घेतले आणि जाळी पाहून मान डोलावली. पाहण्याचे पैसे त्याला कोणी देत नाहीं; बदलल्याचे देतात. मग तो पाहील कशाला? वैद्याच्या बाबतींतही आम्ही असेच वागतों. नाडी पाहून पथ्य सांगणारा वैद्य आम्हांस फुकटचा वाटतो, आणि पिशवीभर औषधें देणारा मोठा. परंतु याच किहीममध्यें १९३० सालीं सालीम अली यांनीं सुगरणीच्या घरट्यांपुढें महिनेच्या महिने बसून नुसतें पाहिलें. आणि नर अर्धें घरटें बांधतो, मादी तें पारखून पसंत करते, मग नर तें पुरें करून दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागें लागतो, हें जगाला सांगितलें. तीं घरटीं त्यांच्यापूर्वीं हजारोंनीं पाहिलीं असतील. पाहणें आणि पाहत राहणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर विद्वत्तेचें नव्हे. ओटा पुसणाऱ्या बाईंनीं फडक्याचें ओलेपण चार दिवस ध्यानांत ठेवलें, तीही त्याच जातीची दृष्टि. त्यांना तापमापक ठाऊक नव्हता. पण त्याचें काम त्यांचा हात करीत होता. घरांतील आणि दुकानांतील अर्धें ज्ञान अशा हातांत असतें, आणि आपण तें न विचारतां दूरच्या तज्ज्ञास दूरध्वनि करतों.

यंदां आम्ही किहीमास गेलों तेव्हां यंत्र भिंतीपासून दूरच होतें. मागें खिळ्याला ब्रश टांगलेला, आणि जमाखर्चाच्या वहींत एक नवें पान पाडलेलें. त्यावर बाईंच्या हातचे तीन रकाने: टाकीचें वजन, पाण्याचे अंश, आणि तिसऱ्यांत नुसतें “फडकें”, पुढें ओलें किंवा कोरडें. तापमापक विकत घेतल्यावर हा तिसरा रकाना कशाला, असें आम्हीं विचारलें. “काचेचा आहे तो,” त्या म्हणाल्या, “फुटला म्हणजे?”